१२ दिवसांवर स्पर्धा, आणि दहाही पोरं म्हणतात ‘जी साब’

हवालदार साहेब, राम राम.

मधूनच वाचायला आलेल्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही पायदळात प्लाटून हवालदार आहात, पलटण उत्तरेकडच्या एका मैदानी छावणीत आहे. १२ दिवसांनी ब्रिगेडची स्पर्धा आहे, बीपीईटी (लढाईसाठीच्या तंदुरुस्तीची चाचणी) आणि फायरिंग मिळून. पलटणीच्या कायम टीममधले चौघे कोर्सला गेलेत, दोघे हॉस्पिटलात आहेत, म्हणून काल रात्री हुकूम आला की तुमच्या कंपनीतून १० जण द्या. रोल कॉलला विचारलंत तेव्हा दहाही जण ‘जी साब’ म्हणाले, आणि लाईनीत परतल्यावर कुरकुर सुरू झाली. दोघे परवाच छुट्टीवरून आलेत, एकाची मंजूर छुट्टी थांबलीय. तुम्ही विचारलंय, ‘जोर लावू की नको? आणि कोणी नाहीच म्हणाला तर?’

मी २६ वर्षं पायदळात काढली, त्यातली निम्मी पीटी उस्ताद (कसरत शिकवणारा) म्हणून. अंतर-कंपनीपासून वरपर्यंतच्या टीमा तयार केल्या. त्यातल्या अर्ध्या तरी अशाच, वरातीमागून घोडं म्हणतात तशा. त्यामुळे सांगतो ते पुस्तकातलं कमी आणि अंगावर आलेलं जास्त आहे.

जोर लावायला फौजेत काही लागत नाही. शिट्टी वाजली की दहा जण बूट बांधून उभे राहतात. तुमची खरी अडचण वेगळी आहे. त्या दहांपैकी कोण पळू शकेल आणि कोण तिसऱ्या किलोमीटरला बसेल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ‘जी साब’ने ते झाकून टाकलंय. आपल्याकडे ‘जी साब’ला फार अर्थ असतात. ऐकलं, हाही एक अर्थ. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणू, हाही एक. ‘मी तयार आहे’ हा अर्थ त्यात बसतो, पण फार वेळा बसत नाही.

माझंच एक सांगतो, चूक माझी होती. अशीच १५ दिवसांवर आलेली स्पर्धा. जत तालुक्यातला एक लान्सनायक होता, काटक, कमी बोलणारा. मी रोल कॉलला विचारलं, तो पहिल्या झटक्यात ‘जी उस्ताद’ म्हणाला आणि मी खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी बॅरकच्या पायऱ्या उतरताना तो मला दिसला. कठड्याला हात लावून, आडवं पाऊल टाकत, डावा पाय आधी, मग उजवा त्याच्याजवळ. सरळ उतरत नव्हता. मी हसून म्हटलं, ‘काय रे, म्हातारा झालास?’ तोही हसला. तिथेच मी चुकलो. स्पर्धेच्या दिवशी साडेतीन किलोमीटरला त्याने पाय टेकणं सोडलं, दोघांनी बगलेत हात घालून आणला. नडगीच्या हाडाला चीर. पुढचे कितीतरी आठवडे पळणं बंद, आणि ज्या कोर्ससाठी त्याचं नाव गेलं होतं तो कोर्स हुकला. ट्रॉफी दुसऱ्याच पलटणीने नेली, ती आज कुठल्या कपाटात आहे कोण जाणे.

तेव्हापासून रोल कॉलला हात वर करायला लावायचं मी सोडलं. तुम्हीही आजपासून सोडा. एकेकाला वेगळं गाठा, लंगराच्या (स्वयंपाकघराच्या) मागे, पाण्याच्या टाकीजवळ, कुठेही, पण दुसरा कोणी ऐकत नसताना. आणि ‘तयार आहेस का’ हा प्रश्नच विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. विचारा, ‘शेवटचं पाच किलोमीटर पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) लावून कधी पळालास? किती मिनिटं लागली? गेल्या आठवड्यात किती रात्री गारद (पहारा) होती? हे बूट किती दिवस वापरतोयस?’ आकड्यात उत्तर द्यायचं म्हटलं की माणूस खरं बोलतो. मग त्याला एका पायावर दहा उड्या मारायला सांगा, नंतर दुसऱ्या पायावर. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागेवर तो दचकला, किंवा उडी मारताना त्या पायावर उतरायला कचरला, तर त्याला टीममधून काढून त्याच दिवशी एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) पाठवा. हाड चिरलंय की नुसती सूज आहे हे डॉक्टर बघतील, ते आपलं काम नाही. आपलं काम त्याला तिथवर पोचवण्याचं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्याच घाईच्या स्पर्धा सारख्या नसतात. ड्रिलची स्पर्धा असती, किंवा क्वार्टर गार्डची (पलटणीच्या मुख्य पहाऱ्याची), तर मी म्हटलं असतं, दाबून करून घ्या. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ कदम मोजले की ड्रिल उभी राहते, फार तर टाचा दुखतील. नुसतं फायरिंग असतं तरी म्हटलं असतं, घ्या. पण तुमच्या स्पर्धेत पिठ्ठू आणि रायफलसकट ५ किलोमीटर पळणं आहे, वर ६० मीटरची दौड, उभा रस्सा, आडवा रस्सा आणि ९ फुटांचा खड्डा आहे. आणि मे महिना आहे.

उन्हाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक मरतात. हीच पलटण लेहच्या बाजूला असती तर छुट्टीवरून आलेल्या त्या दोघांचं नाव कोणी काढलंच नसतं. ९,००० फुटांच्या वर ६ दिवस, १२,००० च्या वर आणखी ४, १५,००० च्या वर आणखी ४, हे अंग सरावायचे टप्पे तिथे सगळ्यांना पाठ असतात, सीओ साहेबही (पलटणीचे प्रमुख) त्यावर वाद घालत नाहीत. उन्हाला अंग सरावायलाही १० ते १४ दिवस लागतात, पण हा हिशेब कोणाच्या डोक्यात पक्का बसलेला नसतो. दोन महिने गावी झाडाखाली बसून आलेला पोरगा दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊच्या उन्हात पिठ्ठू लावून पळतो आणि आपण त्याला ‘हिंमत’ म्हणतो. मैदानात कोणी अडखळायला लागला, विचारलं त्याचं भलतंच उत्तर देऊ लागला, चिडला, तर तो नाटक करतोय असं धरू नका. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की आधी डोकं फिरतं. आधी सावली, कपडे काढा, मिळेल तितकं थंड पाणी अंगावर ओता, पंखा मारा, आणि गाडी त्याच वेळी बोलवा. गाडीची वाट बघत नुसतं बसायचं नाही, थंड करणं आधी.

दुसरी खूण लघवीची. अचानक रस्सा आणि बैठका भरपूर करून घेतल्या की एखाद्याला दुसऱ्या दिवशी चहासारखी किंवा कोलासारखी काळपट लघवी होते, दंड आणि मांड्या दगडासारख्या कडक होतात. म्हणजे स्नायू फुटून त्यातला माल किडनीकडे चाललाय. तोही सरळ एमआय रूमला. पोरं हे लाजेने सांगत नाहीत. पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून ठेवा, हसले तर हसू द्या.

१२ दिवसांत नेमकं काय वाढतं? दम वाढत नाही. तो सहा-आठ आठवड्यांचा धंदा आहे. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागायच्या आत माणूस दमतो, ते इथेही खरं आहे. पळण्यात तुम्ही एकच गोष्ट कमवू शकता, ती म्हणजे चाल. नवी टीम पहिला किलोमीटर जोशात मारते आणि चौथ्यात रांगते. एक जुना, घड्याळ कळणारा माणूस पुढे लावा, त्याला प्रत्येक किलोमीटरचा वेळ ठरवून द्या आणि बाकीच्यांना त्याच्या खांद्यामागे बांधल्यासारखं पळवा. नुसत्या एवढ्याने, दम तोच असताना, टीमचा वेळ सुधारलेला मी अनेकदा पाहिलाय.

रस्सा मात्र १२ दिवसांत सुधारतो, कारण त्यात ताकदीइतकीच युक्ती आहे. नवी पोरं नुसत्या हातांनी चढतात आणि मधे लोंबकळतात. एका पायावरून रस्सा घेऊन दुसऱ्या पायाने दाबायचा, पायावर उभं राहायचं, मग हात सरकवायचे. हे जमिनीपासून चार फुटांवरच शिकवा, रोज थोडं थोडं, वरपर्यंत चढवायची घाई नको. खड्ड्याचंही तसंच. बहुतेक जण खड्ड्याला घाबरत नाहीत, त्यांची पावलं चुकतात. उडीची जागा चुन्याने आखा आणि धाव तिथून उलटी मोजून द्या.

फायरिंगमध्ये तर चांगलाच फरक पडतो, आणि गोळीसुद्धा लागत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास रिकाम्या रायफलवर शिस्त, श्वासावर काबू आणि ट्रिगर. (आपल्या मराठी पोरांना इथे गंमत वाटते. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम, आणि जुन्या मराठीतही तोच अर्थ होता. डिसिप्लिनला आपण तो शब्द नंतर लावला.) नळीच्या तोंडाजवळ एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबल्यावर ते पडू द्यायचं नाही. ज्याच्या रायफलचं झिरोइंग (नेमाची जुळणी) झालेलं नाही त्याचं पहिल्या दोन दिवसांत करून घ्या, आणि ती रायफल स्पर्धेपर्यंत दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

म्हणजे हिशेब असा. तुमचे पहिले दोन दिवस निवडण्यात आणि गाळण्यात जातील. मधले सात दिवस रस्सा, खड्डा, नेम आणि एक दिवसाआड बेताचं पळणं. पूर्ण पिठ्ठू-रायफलसह पाचच्या पाच किलोमीटर एकदाच, सातव्या किंवा आठव्या दिवशी, तेही पहाटे. शेवटचे दोन दिवस हलके. घाईत सगळे उलट करतात. शेवटच्या दिवसापर्यंत रोज जीव तोडून पळवतात आणि स्पर्धेला दमलेली टीम उभी करतात.

दहापैकी सहा-सातच निघाले तर? निघतीलच, तयारी ठेवा. इथून तुमचं दुसरं काम सुरू होतं, वर तोंड करून बोलण्याचं. बहुतेक हवालदार इथे गप्प बसतात आणि सगळा भार खाली ढकलतात. सीनियर जेसीओ (सुभेदार दर्जाच्या) साहेबांना एकटे गाठा, आणि ‘होणार नाही’ हा शब्द काढू नका. आकडे द्या, नफरी म्हणजे माणसांची संख्या सांगा. ‘साब, फिट नफरी सात है, टाइम इतना आएगा. तीन आदमी दूसरी कंपनी से मिल जाएँ तो इतना.’ मग मागणी करा. १२ दिवस या पोरांची रात्रीची गारद आणि फटीग (अंगमेहनतीची कामं) माफ, पहाटे पळायला मैदान, स्पर्धेच्या वाटेवर पाणी आणि नर्सिंग असिस्टंट. एवढं मागणाऱ्या माणसाला साहेब लोक कामचुकार समजत नाहीत. आणि नाही मिळालं तरी निकाल काय येणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असतं. रात्रभर गारद करून आलेल्याला पहाटे पळवून ट्रॉफी मागणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि हे वरच्यांनाही कळतं, फक्त त्यांना कोणी सांगत नाही.

ते दडपण आणतात तेही उगाच नाही, हे जाता जाता सांगायला हवं. सीओ साहेबांची मुदत दोन-अडीच वर्षांची, त्यात पलटणीचं नाव वर आलं तर आलं. ब्रिगेडच्या कॉन्फरन्समध्ये शेजारची पलटण ट्रॉफी घेऊन बसलेली असते. ‘इज्जत का सवाल’ तिथे सुरू होतो आणि पायऱ्या उतरत उतरत तुमच्या लान्सनायकाच्या नडगीपर्यंत पोचतो.

तुमच्या कंपनी कमांडरांनी म्हटलंय म्हणे, ‘लढाई काय १२ दिवस आधी सांगून येते?’ हा सवाल मी शंभर वेळा ऐकला. बरोबर आहे, नाही येत. कारगिलला १९९९ साली पलटणी घाईनेच वर चढल्या. पण लढाईसाठी जो दम लागतो तो वर्षभर ठेवायचा असतो, त्यासाठीच बीपीईटी वर्षभर असते. स्पर्धा त्या पायाच्या वरची गोष्ट आहे, तिथे एकेका सेकंदासाठी शरीर ताणायचं असतं. आणि लढाईत नाइलाजाने जी किंमत देतो ती ट्रॉफीसाठी द्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. चिरलेल्या नडगीचा माणूस उद्या लढाई आली तर तिथेही नसतो. हे कमांडरांना असंच्या असं ऐकवू नका, कोणालाच आवडत नाही. फिट नफरीचा आकडा सांगा, तो पुरतो.

आपली पोरं स्पर्धेला भितात असंही नाही. २६ जानेवारीच्या परेडमधल्या दस्त्यात (तुकडीत) १४४ जण असतात आणि निवड व्हायच्या वेळी त्यासाठी रांग लागते. महिनोन्महिने पहाटे दिल्लीच्या थंडीत कदम ठोकतात, कुरकुर असते पण नाव मागे घेत नाहीत. कारण तिथे सराव आधी होतो. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद पोराला जत्रेत कुस्ती लावण्याआधी दोन-तीन महिने त्याचा खुराक आणि जोर बघायचे. कोणी येऊन म्हटलं ‘उद्या लावा’, तर म्हणायचे, ‘उद्या तू लढ.’ फौजेत आपल्याला तसं म्हणता येत नाही, पण उस्ताद आणि वस्ताद हा शब्द एकच आहे एवढं लक्षात असू द्या.

आणखी एक उदाहरण, कारण ते तुम्हाला पोरांशी बोलताना उपयोगी पडेल. वेल्समध्ये कॅम्ब्रियन पेट्रोल म्हणून स्पर्धा होते, साधारण ६० किलोमीटर, ४८ तासांच्या आत, आपल्या पलटणींनी तिथे सुवर्णपदकं आणलीत. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवले की सुवर्ण, मग ते पाच टीमांना मिळो की पंधरा. तुमच्या टीमलाही तसंच सांगा. शेजारच्या पलटणीला हरवायचं बोलू नका, ते वर्षभर सराव करून आलेत. ‘आपण पहिल्या दिवशी इतक्या वेळात आलो, स्पर्धेला दोन मिनिटं कमी आणि दहाही जण आपल्या पायांवर’, एवढं ठरवा.

आता राहिला थांबलेल्या छुट्टीचा प्रश्न. तुम्ही कारण लिहिलेलं नाही, ते विचारा. बहिणीचं लग्न असेल, आईचं ऑपरेशन असेल, तर त्याला टीममध्ये ठेवून काही मिळणार नाही. शरीर मैदानात आणि कान फोनला. त्याच्या जागी दुसरा शोधा आणि त्याची अर्जी स्वतः घेऊन जा. शेतीचं किंवा नुसतं घरची आठवण असं असेल तर त्याला स्पष्ट विचारा, ‘स्पर्धा संपली त्या रात्रीच्या गाडीने गेलास तर चालेल?’ चालेल म्हणाला तर मग ती छुट्टी त्याच रात्री लागायला हवी, आणि हे लेखी करून घेतल्याशिवाय वचन देऊ नका. शाबासकी पत्र, कमेंडेशन कार्ड, पुढचा कोर्स, यातलं काही तुमच्या हातात नाही, त्याचं आमिष दाखवू नका. गारद माफी तुम्ही मिळवू शकता, तेवढीच बोला. छुट्टी तोडायची धमकी आणि हरल्यावर रगडा (शिक्षेची कसरत), या दोन्ही गोष्टी मी तरुणपणी केल्या आहेत. त्यानंतरच्या स्पर्धेला माझ्याकडे आपणहून एकही माणूस आला नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न, कोणी सरळ नाहीच म्हणाला तर. कायद्याने बोलायचं तर टीममध्ये नाव घालणं हा हुकूमच आहे, आणि वरिष्ठाचा हुकूम मोडणं आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ खाली येतं. त्याच ॲक्टच्या कलम २६ मध्ये, आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर वर तक्रार नेण्याची वाटही आहे. पण हवालदार साहेब, प्रकरण कलमापर्यंत गेलं तर ते आपल्या दोघांच्या धंद्याचं अपयश आहे. सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणणारा जवान मला अख्ख्या नोकरीत तीन-चारच भेटले. त्यातल्या एकालाही मी तिथेच उत्तर दिलं नाही. ‘शाम को मिल’ म्हटलं आणि बाकीच्यांना पळायला लावलं. संध्याकाळी एकाने पायजमा वर करून गुडघा दाखवला, एकाने बापाचा फोन ऐकवला. एक जण म्हणाला, ‘उस्ताद, मागच्या वर्षी पळालो, हरलो आणि आठ दिवस रगडा खाल्ला, आता नाही.’ रगडा देणारा मीच होतो. त्याला मी घेतला नाही, स्पर्धेच्या दिवशी घड्याळ आणि पाण्याचं काम दिलं. तिसऱ्या किलोमीटरला तो टीमच्या बरोबरीने दोनशे मीटर ओरडत पळाला, हातात बाटली घेऊन.

आज संध्याकाळी पीटीनंतर दहाही जणांना बूट-मोजे काढून भिंतीला टेकून बसवा. टॉर्च घेऊन एकेकाचा पाय बघा, टाच, बोटांच्या मधल्या फटी, नखं. नवे बूट घातलेला एक तरी निघेलच. त्याला जुने बूट शोधून द्या, दुसऱ्याचे मागून आणावे लागले तरी. उडीच्या तपासणीत किती गळले ते इथे कळवा, मग उरलेल्या नफरीवर चालीचा हिशेब बसवून देतो.